घडीत गेलेला चेहरा

परदेशात आम्ही राहतो त्या एडिसन गावाच्या सार्वजनिक वाचनालयात मी वाचायला जातो, असा आमच्या घरात समज आहे. मी तो कधी खोडून काढलेला नाही. खरं सांगायचं तर लेकीचा व्हायोलिनचा क्लास तिथून दोन मिनिटांवर आहे आणि वाचनालयातल्या खुर्च्या आमच्या सोफ्यापेक्षा बऱ्या आहेत. अशाच एका शनिवारी मी डुलकी काढून उठलो, चष्मा पुसला, आणि समोरच्या नोटीस बोर्डावर मला एक बदक दिसलं.

ते बदक माझ्या ओळखीचं होतं.

कुठल्याशा प्रदर्शनाची जाहिरात होती. वर लिहिलं होतं, रशियन वास्तववादी चित्रकला. खाली तासाभरावरच्या एका म्युझियमचं नाव, आणि मध्ये एका चित्राचा कोपरा कापून मोठा केलेला: एका मुलीचे बारीक हात आणि त्या हातांत मान वाकडी करून बसलेलं पांढरं बदक. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. मला ऑफिसातल्यांची नावं आठवत नाहीत, मॉलमध्ये गाडी कुठे लावली ते आठवत नाही. पण त्या बदकाच्या चोचीखालची करडी सावली मी कुठेही ओळखली असती. अकरा वर्षांचा असताना ती सावली मी स्वतः रंगवली होती, चुकवली होती, आणि त्याबद्दल बाबांची टपली खाल्ली होती.

बाबा नागपूरला एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. त्या काळी रशियाहून एक मासिक यायचं, मराठीत छापलेलं, असा गुळगुळीत कागद की हातातून सटकायचा. आमच्या वस्तीत ते बऱ्याच घरांत येई. वाचायला म्हणून थोडे घेत. बाकीचे जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालायला घेत. माझ्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर असे, ताईच्या भूगोलावर दुधाच्या बादल्या घेऊन हसणाऱ्या बाया. असल्याच एका जूनमध्ये आईने मासिकाचं मधलं पान उसवलं आणि ती ते माझ्या इतिहासाला घालणार, तेवढ्यात बाबांनी ते तिच्या हातातून हिसकावलं.

"अवं, हे कव्हर नाही, हे पेंटिंग आहे!"

"मग पोराचा इतिहास उघडाच ठेवू का?" आई म्हणाली.

इतिहास उघडाच राहिला. माझ्या त्या विषयातल्या मार्कांचं खापर मी बरीच वर्षं ह्या घटनेवर फोडत असे.

दोन पानांवर पसरलेलं चित्र होतं. संध्याकाळची रुंद नदी, आणि दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत पलीकडे नेतात तसली एक सपाट नाव. नावेवर कामावरून परतणारी माणसं. एक म्हातारा फावडं मांडीवर घेऊन बसलेला, एक बाई दुधाचा कॅन पायाशी ठेवून झोपेला आलेली, एक लंगडा शिपाई, बदकवाली मुलगी. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध उभी राहून, दोन्ही हातांनी दोर ओढणारी एक आकृती. डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. तिचा चेहरा मात्र नव्हता. मासिकाची घडी बरोबर त्या चेहऱ्यावरून गेलेली. एक पिन कपाळात, दुसरी पोटात, आणि आईने उसवताना तिथला कागद फाटलेला. बाबा दर वर्षी शाळेत ते पान फळ्यावर लावायचे, पुन्हा घडी घालून फायलीत ठेवायचे. दोनतीन वर्षांत त्या जागी कागदाचा पांढरा लगदा तेवढा उरला.

पुढे आमच्या विहाराला लागून वस्तीचं वाचनालय बांधलं गेलं आणि त्याच्या आतल्या भिंतीवर काहीतरी काढा, असं बाबांना सांगण्यात आलं. बाबांनी हीच नाव काढायला घेतली. चित्र मोठं करायची त्यांची पद्धत अगदी शाळामास्तरी: चौकटी आखायच्या. मी आणि ताई निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून धरायचो, बाबा मधोमध चिमटीत पकडून ती सोडायचे, फट् करून निळी रेघ उमटायची. आडवे क, ख, ग, घ, मग च, छ, ज, झ. उभे एक ते सहा. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात माणसांना नावंच नव्हती. "ख-पाचचं बदक सुकलं का रे?" "छ-तीनला हात लावू नको, ओलं आहे."

घ-दोन आणि च-दोनच्या मधोमध तो नसलेला चेहरा होता. बाबा पंधरा दिवस तिथे थांबून राहिले. मग एका दुपारी त्यांनी तो स्वतःच्या मनाने रंगवला. नेचर, ऑब्जेक्ट, मेमरी अशा ड्रॉइंगच्या परीक्षांना मुलांना बसवणारा तो माणूस; तो म्हणाला, हे आपलं मेमरी ड्रॉइंग, आठवणीतून काढलेलं.

संध्याकाळी सगळी वस्ती बघायला आली आणि हसायला लागली. नावेच्या मधोमध, रशियाच्या थंडीत, डोक्याला रुमाल बांधून आमची आई दोर ओढत उभी होती.

"काकू, थंडी नाही वाजून राहिली का तिकडे?" बायांनी तिला महिनोन् महिने छळलं. आई वरवर चिडायची. "जिंदगीभर इथं ओढून राहिलीच आहे, तिथंही मलाच लावलं." पण वाचनालयात काही कार्यक्रम असला की ती भिंतीच्या त्याच बाजूला बसायची, हे मी पाहिलेलं आहे.

आई गेली तेव्हा करोनात विमानं बंद होती. तिचं शेवटचं सगळं मी फोनवर पाहिलं. त्याबद्दल एवढंच.

तर मी बदकाचा फोटो काढून ताईला पाठवला. दुसऱ्या दिवशी रविवारचा फोन. बाबा आता ऐंशीच्या पलीकडे, आवाज बारीक झालेला, पण त्या दिवशी खणखणीत.

"ख-पाच!" ते म्हणाले. "अस्सल आहे का रे? का पुन्हा छापील?"

"अस्सल, बाबा. इथल्या कोणा जोडप्याने फार वर्षांपूर्वी तिकडून विकत आणलं म्हणे. आता म्युझियममध्ये लावलंय."



"मग जा. जाऊन घ-दोन पाहा. कोण बाई होती ती? म्हातारी का जवान? मी हिचा चेहरा लावला, तो शोभला का नाही? चाळीस वर्षं झाली, डोक्यात आहे माझ्या ते."

"थांबा ना, आत्ताच इंटरनेटवर बघतो."

"खबरदार! इंटरनेटवर नाही पाहायचं. छापील पाहून मी एकदा फसलो. तू चित्रासमोर उभा राहा आणि मला फोनवर दाखव. आपण दोघं संगंच पाहू."

फोनवर दाखवणं म्हणजे पुन्हा छापीलच की, हे मी त्यांना बोललो नाही. जन्मात पहिल्यांदा मी बाबांचं तंतोतंत ऐकलं. इंटरनेटवर पाहिलं नाही.

आणि लगेच गेलोही नाही. इथे मला माझ्याबद्दल जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो. वाचनालयाच्या सभासदांना म्युझियमचा फुकट पास मिळतो. एका वेळी एकाच कुटुंबाला. एडिसनमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा, तिकीट काढून म्युझियमला जाणाऱ्या माणसाला आमच्यात वेडा समजतात. मी वेबसाइटवर पाहिलं तर पुढचे चार शनिवार पास गेलेला. चारही वेळा आपलीच मंडळी असणार, आडनावं न वाचता सांगतो. मी पाचव्या शनिवारचा पास लावला आणि हुशारीने काम केल्याच्या आनंदात चहा घेतला.

ह्या चार आठवड्यांत दर रविवारी ताईचा फोन यायचा तो नुसत्या आवाजाचा.

"व्हिडिओ लाव ना."

"नेट स्लो आहे रे."

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. पायाला थोडी सूज आहे. झोपले आत्ता." किंवा, "घे, दोन मिनिटं बोल, दमतात." बाबा विचारायचे, पाहिलं का घ-दोन? मी म्हणायचो, येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या.

मला कळायला हवं होतं. आमच्या घराण्याचा हा धंदाच आहे. परीक्षा चालू म्हणून मला आजोबा गेल्याचं तेराव्या दिवशी कळवलं. ताईचं ऑपरेशन मला टाके निघाल्यावर कळलं. आणि मीही काही कमी नाही. माझी नोकरी मध्ये पाच आठवडे गेली होती ते नागपुरात आजतागायत कोणाला माहीत नाही. लांबच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, जीव टांगणीला लागतो, आणि करू तर काहीच शकत नाही. आम्ही एकमेकांना जीव लावतो तो असा, एकमेकांना अंधारात ठेवून.

आणि मी खरंच काही करू शकत नव्हतो. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. इथे राहायला कागद पक्के, पण एकदा बाहेर पडलो की परत यायला भारतात नवा शिक्का लागतो, आणि त्याची मुलाखतीची तारीख मिळत होती पुढच्या वर्षीची. कंपनीच्या वकिलाने ईमेल केली होती, सध्या प्रवास टाळावा. मी ती ईमेल इतक्यांदा वाचली की तिच्यातला स्वल्पविराम मला पाठ आहे.

पाचवा शनिवार आला. बायकोला कामावर जायचं होतं, म्हणून मी आणि लेक निघालो. लेक चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून येतं. म्युझियम दहाला उघडतं, म्हणजे नागपुरात संध्याकाळचे साडेसात. औषध घेऊन बाबा नऊला झोपतात असं ताईने सांगितलेलं. मी गाडीतूनच मेसेज केला, सव्वादहाला फोन लावतो, बाबांना चष्मा घालून बसवून ठेव. ताईचं उत्तर आलं: 'आजच कर. नक्की.' मला त्या 'आजच'चं काही वाटलं नाही. मी म्हटलं, ताईलाही आता चित्रकलेची गोडी लागली.

दारात पहिलं विघ्न. पासाची छापील प्रत हवी होती, माझ्याकडे फोनमधली.

"डॅड, जस्ट बाय द टिकिट्स," लेक म्हणाली.

मी घेतली. काउंटरवरच्या मुलीने दोन हिरवे स्टिकर दिले, ते छातीला लावले, आणि चार आठवडे कशासाठी थांबलो होतो ह्याचा विचार मनात येऊ लागला तो मी तिथेच दाबला.

प्रदर्शन वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. पहिल्या खोलीत बर्फ, बर्फ, आणि बर्फातून चाललेल्या बाया. चांगलीच चित्रं असणार. मी त्यांच्यासमोरून पळत गेलो. दुसऱ्या खोलीत लोखंडाचा कारखाना, एक शाळेचा वर्ग, जेवणाच्या टेबलावर पाव कापणारी एक आजी. लेक त्या पावापाशी थांबली. मी तिला ओढलं. तिसऱ्या खोलीत शिरलो आणि समोरची सगळी भिंत म्हणजे ती नदी होती.

आमची नदी निळी होती. डिस्टेंपरच्या डब्यात दुसरा निळा मिळाला नव्हता. ही नदी मातीच्या रंगाची, आणि तिच्यावर जाईल न जाईल असा थोडासा उजेड. म्हाताऱ्याच्या फावड्यावर ओली माती. शिपायाच्या बुटाची नाडी सुटलेली; मासिकात ती दिसलीच नव्हती. चित्रकाराचं नाव पाटीवर होतं, ते मला धड उच्चारताही येत नाही. पाचसहा सेकंद मी नुसताच सुखात होतो.

मग मी घ-दोन पाहिलं.

ती बाई नव्हती.

सतराअठरा वर्षांचा पोरगा होता. गाल इतका सुजलेला की एक डोळा अर्धा मिटलेला. डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला तो रुमाल थंडीचा नव्हताच, दाढ दुखते म्हणून बांधलेलं फडकं होतं. तोंड वाकडं करून, बिचारा कसाबसा दोर ओढत होता, आणि शेजारी तो लंगडा शिपाई त्याच्याकडे बघून गालात हसत होता. आमच्या भिंतीवरचा शिपाई आईकडे बघून इतकी वर्षं का हसतो, ह्याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

मी पण हसलो आधी. खोटं कशाला बोलू. मग बाबा आठवले. चाळीस वर्षं बाबा ज्याला आई समजत होते, आई गेल्यावर रोज संध्याकाळी काठी टेकत जाऊन ज्याच्यासमोर बसत होते, ते दाढ सुजलेलं एक पोर होतं.

"डॅड, कॉल हिम. इट्स टेन फिफ्टीन."

"थांब जरा. नेटवर्क नाही वाटतं."

"फुल बार्स आहेत," ती म्हणाली. हे मात्र मराठीत.

मी मनात मजकूर जुळवायला लागलो. चित्र हलवलं म्हणून सांगू. आजच काढून नेलं. नाहीतर, होतं बाबा, अगदी आईसारखीच बाई, थोडी जाड इतकंच. एवढ्यात कोपऱ्यातली पहारेकरीण आली. उंच, वयस्कर, पायात नर्सचे असतात तसले पांढरे बूट. माझ्या हातातला फोन पाहून म्हणाली, फोटो चालतील, व्हिडिओही चालेल, पण फोनवर बोलणं इथे नाही, बोलायचं तर खाली लॉबीत.

मला सुटल्यासारखं झालं. नियम आहे! मी लेकीकडे वळून खांदे उडवले. पण तिने तोवर तोडगा काढला होता.

"वुई डोन्ट टॉक. आपण फक्त ऐकू." तिने वायरचे इअरफोन काढले, एक माझ्या कानात, एक स्वतःच्या. "अँड आय ॲम म्यूटिंग यू. कारण तू विसरशील आणि ओरडशील."

मी भारतात फोन करताना ओरडतो. फोन नसता तरी नागपुरात ऐकू गेलं असतं असं आमच्याकडे म्हणतात. तिने म्यूटचं बटण दाबलं आणि फोन लावला. ताईने पहिल्याच रिंगला उचलला.

ह्या वेळी नेट स्लो नव्हतं. स्वच्छ व्हिडिओ. आधी ताईचा चेहरा दिसला, केस न विंचरलेले. मग तिने फोन वळवला, आणि मला एक स्टीलचा कठडा दिसला, हिरवा पडदा, सलाईनची बाटली. कठड्याच्या आत कोणीतरी होतं. नाकात नळी, गाल आत गेलेले, आणि त्या सगळ्यावर बाबांचा काळ्या फ्रेमचा चष्मा, थोडा वाकडा.

लेकीने माझी बाही धरली.

मी बोलायला तोंड उघडलं. पहारेकरीण चार पावलांवर. मी तोंड मिटलं.

"अरे, दिसून राहिलं का तुला?" ताईचा आवाज कानात आला. "बोलू नको काही. मला माहीत आहे. तीन आठवडे झाले. तुला येता येत नाही, मग कशाला सांगायचं म्हणून... जाऊ दे. ते थांबलेत तुझ्यासाठी. चित्र दाखव आधी."

मी कॅमेरा उलटा केला आणि फोन चित्रासमोर धरला. 

कानात नळीचा आवाज. मग, अगदी लांबून:

"क-एक."

लेकीने प्रश्नार्थक पाहिलं. मी फोन डाव्या वरच्या कोपऱ्यात नेला. आकाश.

"हं. पिवळं घातलंय. मी पांढरं घातलं होतं... ख-पाच."

बदक. मी फोन बदकावर धरला. चोचीखालची सावली खरी निळसर होती. आम्ही दोघंही चुकलो होतो.

"वा," बाबा म्हणाले. "वा रे वा." मग दम खाऊन, "ग-चार."

फावडं. त्यानंतर दुधाचा कॅन, त्यानंतर शिपाई. एकेक चौकट ते मागत होते आणि मी देत होतो. ह्या माणसाला आज वार कोणता ते सांगता आलं नसतं, पण निळीच्या रेघा सगळ्या जागेवर होत्या. शिपायाच्या नाडीवर मी उगाच जास्त वेळ थांबलो.

"घ-दोन."

मी फोन बदकावर नेला.

"हे ख-पाच आहे. घ-दोन."

मी फावडं दाखवलं. नदी दाखवली. नावेचा दोर दाखवला, दोरावरचे हात मनगटापर्यंत दाखवले आणि तिथून परत फिरलो.

"डॅड, व्हॉट इज घ-दोन?" लेकीने कुजबुजत विचारलं. मी मान हलवली. माहीत नाही. पोटच्या पोरीशी, म्युझियममध्ये, तोंड न उघडता खोटं बोललो.

"बेटा," बाबा म्हणाले. आवाज आता अगदी विरळ झालेला. "मधली. मधलीचा चेहरा दाखव ना."

चेहरा हा शब्द लेकीला कळतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, पुन्हा माझ्याकडे. "ही वॉन्ट्स द फेस, डॅड. ही इज आस्किंग यू." आणि माझ्या हातातून फोन घेऊन तिने तो वर उचलला, चित्राच्या फार जवळ जाऊ नये म्हणून जमिनीवर आखलेल्या रेघेच्या काठावर चवड्यांवर उभी राहिली, आणि सरळ त्या सुजलेल्या गालावर नेऊन थांबवला. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. तिला आमच्या घराण्याची शिकवणी कोणी दिलेलीच नाही.

नळीचा आवाज. आत जाणारा, बाहेर येणारा. ताई मागे कोणाला तरी, बहुतेक सिस्टरला, दोन मिनिटं, दोनच मिनिटं, म्हणत होती. मी डोळे मिटून घेतले होते.

"पोरगा आहे," बाबा म्हणाले.

मग, "दाढ दुखून राहिली याची."

आणि मग एक आवाज आला, तो मला आधी खोकला वाटला. ते हसत होते. नळीतून, थोडं थोडं, हसू अडकत बाहेर येत होतं. लेकही हसायला लागली. मी डोळे उघडले.

"ऐक," बाबा म्हणाले. "ऐकून राहिला ना?"

मी मान डोलावली. कॅमेरा चित्राकडे होता, त्यांना काय दिसणार.

"हे तुझ्या आईला सांगू नको."

मला वाटतं त्या वेळी औषधामुळे आई गेल्याचं ते विसरले असावेत. की नसतील विसरले. ते मला कधीच कळणार नाही.

"अरे, सांगशील नाहीतर. भडकेल ती. नाही सांगणार ना?"

"नाही सांगणार, बाबा!" मी म्हणालो. म्हणालो म्हणजे ओरडलो. नागपूरला फोनशिवाय ऐकू जाईल असा. "नाही सांगणार! बाबा! मी येतो! नाही सांगणार!" तिन्ही खोल्यांतली माणसं वळली. एका तान्ह्या मुलाने भोकाड पसरलं. पांढऱ्या बुटांची पहारेकरीण माझ्याकडे यायला लागली. कानात बाबांचा आवाज तसाच चालू होता:

"बोलत का नाही हा? रागावला का?"

"ऐकतोय, बाबा, ऐकतोय तो," ताई म्हणाली.

लेकीने फोन खाली घेतला आणि घाबरून त्यावर बोट मारू लागली. म्यूट. ते म्यूट होतं. सबंध म्युझियमने ऐकलं, एक बाबा सोडून. तिने बटण दाबलं तोवर पडद्यावर हिरवा पडदा हलला, कोणाचा तरी हात आला आणि फोन बंद झाला.

पहारेकरणीने मला दंडाला धरून लॉबीत नेलं. हळूच धरलं होतं, उगाच कशाला खोटं सांगू. तिथे बाकावर बसून मी पुन्हापुन्हा फोन लावला. रिंग वाजून बंद होई. लेक शेजारी रडत होती, आय ॲम सॉरी, आय ॲम सो सॉरी, आणि मी तिला म्हणत होतो, तुझं काही चुकलं नाही. ते खरं होतं. चार शनिवार तिने घालवले नव्हते. तासाभराने ताईचा मेसेज आला: 'झोपले. आता बरे आहेत.'

ह्या वेळी मी त्याचा अर्थ बरोबर लावला.

सोमवारी बाबा गेले, इथल्या पहाटे. मध्ये एकदाही जागे झाले नाहीत. मी वकिलाची ईमेल काढून पुन्हा वाचली. स्वल्पविराम होता तिथेच होता. विहारातली वंदना मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन डब्याला टेकवून पाहिली.

परवा ताईचा फोन आला. वाचनालयाची भिंत ओल धरते आहे, पोरं म्हणतात पुन्हा रंगवून काढू. बोलताना ती भिंतीजवळ उभी होती, फोनमध्ये पाठीमागे आमची निळी नदी दिसत होती. मग तिने विचारलं, जे त्या दिवसापासून विचारलं नव्हतं. फोन तिने बाबांच्या तोंडापाशी धरला होता, तिला स्वतःला चित्र दिसलंच नव्हतं. शब्दही अर्धेच ऐकू आले होते.

"अरे, खऱ्या चित्रात चेहरा कोणाचा होता? बाबा एवढे का हसले?"

मी तिच्या मागे पाहिलं. घ-दोन, च-दोन. आई दोर ओढत होती.

"बाई होती एक," मी म्हणालो. "बरीचशी आईसारखी. म्हणून हसले."

"मग पोरांना सांगते, तो चेहरा तसाच ठेवा म्हणून."

"हो," मी म्हणालो. "त्याला हात लावू नका म्हणावं."